खांबाला सांगा

बाना कासूबाला, म्हणजे कासूबाच्या आईला, जावई मिळाला आणि दवाखान्यातला तिचा सगळ्यात चांगला भांडणसोबती गेला. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या, एकाच ताटलीमुळे.

ती ताटली दालित्सो न्झिमाच्या मध्यस्थाने आणली होती. तिच्यावर दुसरी ताटली पालथी घातलेली आणि दोन्हींच्या मध्ये मागणीची खूण. बाना कासूबाचा थोरला भाऊ कापेंब्वा याने घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर झाकण उचलले, खूण काढून घेतली आणि मान डोलावली. त्या क्षणापासून दालित्सो तिच्या मुलीचा, कासूबाचा, होणारा नवरा झाला. आणि त्याच क्षणापासून सासूने जावयाचे तोंड बघायचे नाही, जावयाने सासूचे बघायचे नाही, हा नियमही लागू झाला. समोरासमोर आले तर एकाने वाट सोडायची. एका खोलीत थांबायचे नाही. बोलायचे तर नाहीच. यात राग नसतो, मान असतो. लग्न होऊन, पीक हाती येऊन, सासरच्यांनी स्वयंपाक करून जावयाला रीतसर 'आत घेतले' की बंदी उठते. म्हणजे सगळे सुरळीत झाले तर पुढच्या वर्षी.

बाना कासूबाला नियम लहानपणापासून ठाऊक होता. तिने तो स्वतःच्या आईला पाळताना पाहिले होते, नवऱ्याने पाळला होता. तो आपल्याला इतका जड जाईल, हे मात्र तिला ठाऊक नव्हते.

कारण त्याआधीचे तीन महिने मजेचे गेले होते.

चिबांगाच्या दवाखान्यात ती स्वयंसेविका होती. पगार नाही. एक सदरा, एक छत्री, आणि गावातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या घरात न विचारता शिरण्याचा हक्क, एवढीच कमाई. शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी नर्स खेड्यातल्या कामासाठी येऊन दाखल झाले, तेव्हा ती व्हरांड्यात बाळांची कार्डे लावत बसली होती. मुलगी होती दक्षिणेकडची, मुतिंता. मुलगा, दालित्सो, उंच, सडपातळ, पांढरे रबरी बूट घातलेला.

"कुठला रे तू?" तिने विचारले.

"पूर्वेकडचा. न्गोनी."

बाना कासूबाने कार्डे खाली ठेवली आणि मागे वळून दुसऱ्या स्वयंसेवकाला आवाज दिला, "सांपा! धान्याची खोली बंद कर. तिथले उंदीर आता सुरक्षित नाहीत."

मुलाने पाठीवरची पिशवी उतरवली. अंगणातल्या आंब्याकडे मान वर करून नीट पाहिले. मग म्हणाला, "एवढं मोठं झाड, आणि एकही माकड नाही? सगळी खाऊन संपवलीत, म्हातारे?"

रांगेतल्या बायका टाळ्या पिटून हसल्या. पोरगा चांगल्या घरातला आहे, हे बाना कासूबाने तिथेच ओळखले. तिच्या बेंबा जमातीचे आणि न्गोनींचे पणजोबा एकमेकांशी लढले होते. कुणीच हटले नाही, तेव्हा भाले ठेवून शब्द उचलले. तेव्हापासून ही थट्टेची भावकी. कुणीही कुणाला काहीही म्हणावे, न्गोनींना उंदीरखाऊ, बेंबांना माकडखाऊ, त्यावर राग नाही, दंड नाही. आणि एकाच्या घरी माणूस गेले की दुसऱ्याने येऊन खड्डा खणायचा, प्रेत खांद्यावर घ्यायचे आणि रडणाऱ्यांना हसवायचे.

दर गुरुवारी पाच वर्षांखालच्या मुलांची तपासणी असे. आंब्याच्या फांदीला वजनकाटा टांगायचा, त्याच्या आकड्यात कापडाची झोळी, झोळीत बाळ. ते बाना कासूबाचे काम. लसी टोचायच्या, ते दालित्सोचे. फांदी उंच होती, म्हणून काटा टांगायचा तोच. "बाकी काही नाही तरी उंची कामाची आहे तुझी," ती म्हणे, "उंदीर पकडायला वाकावं लागत असेल बिचाऱ्याला." तो म्हणे, "तू स्वतःच का नाही चढत? तुझ्या रक्तातच आहे." बाळे रडत, आया हसत, आणि दिवस कुठे गेला ते कळत नसे.

आणि मग बाना कासूबाचे जेवण वेळेवर यायला लागले. कासूबा गावच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. आईला दुपारी भूक लागते, ही गोष्ट तिच्या इतक्या वर्षांत ध्यानात आली नव्हती. ती आता रोज न्शिमाचा, मक्याच्या उकडीचा, डबा घेऊन हजर. डबा देऊनही तिचा पाय निघेना. बाना कासूबाने दोनदा पाहिले, तिसऱ्यांदा पाहिले नाही असे केले आणि मनातल्या मनात खूश झाली. मुलीसाठी तिने स्वतः शोधायचा म्हटला असता, तरी तिने हाच शोधला असता.

ताटली आली. झाकण उचलले गेले. थट्टा बंद पडली.

पहिल्या आठवड्यात दवाखान्यात गोंधळच झाला. ती औषधाच्या खोलीत शिरली आणि तो हातात तबक घेऊन खिडकीतून बाहेर गेला. मुतिंता पोट धरून हसली. "अहो, दार आहे! सिस्टर, ह्याला सांगा ना, दवाखान्याला दार आहे!" मग हळूहळू पद्धत बसली. बाना कासूबा कुठेही शिरण्याआधी खोकायची. तो आत असला तर गुणगुणायचा. बोलणे अगदीच अडले, तर मध्ये व्हरांड्यातला खांब होता. आपल्याकडे लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसे इथे खांबाला बोलायचे.

"खांबा," बाना कासूबा पाठ फिरवून, चितेंगे, म्हणजे अंगावरचे लांब कापड, डोक्यावरून ओढून म्हणायची, "नदीकाठची ती जुळ्यांची आई आज आलेली नाही. कुणाच्या कानावर गेलं तर बरं."

"खांबा," पलीकडून आवाज येई, "मोठ्यांना कळव, मुतिंता सायकल घेऊन तिकडेच गेलीय."

'मोठ्यांना.' ती म्हातारी, माकडखाऊ, झाडावरची होती तोवर तिला तरुण वाटायचे. मोठी झाली आणि एकदम म्हातारी झाली.

ती आता त्याला बुटांवरून ओळखायची. मान खाली असल्यामुळे तेवढेच दिसे. डाव्या बुटाची शिवण उसवली होती आणि त्याने ती टायरच्या काळ्या दोऱ्याने स्वतः शिवली होती. टाके मात्र एकसारखे होते, हे तिने पाहून ठेवले होते.

वजनकाटा तो अजूनही टांगायचा. फक्त ती यायच्या आधी, पहाटेच. ती येई तेव्हा काटा लोंबत असे आणि माणूस नसे.

त्या गुरुवारी काटा जागेवर नव्हता.

सिस्टर मुबियाना, दवाखान्याच्या प्रमुख, मुतिंताला घेऊन होडीने पलीकडच्या वस्त्यांवर लसीकरणाला गेल्या होत्या. सकाळीच एक बाई भाजलेल्या हाताने आली, आणि दालित्सो तिच्यात गुंतला. अंगणात आया जमल्या. बाळे किरकिरायला लागली. बाना कासूबाने आंब्याकडे पाहिले, मग दवाखान्याकडे. आतून गुणगुणणे ऐकू येत होते. खांबाला सांगता आले असते. पण काटा टांगायला तो बाहेर येणार, म्हणजे तिला एवढ्या बायकांदेखत अंगणाच्या टोकाला जाऊन तोंड फिरवून उभे राहावे लागणार. आज ते तिला नकोसे वाटले.

"बाकडं आणा इकडे," ती म्हणाली.

"सांपाला बोलवू का?" एका आईने विचारले.

"सांपा माझ्याहून बुटका आहे. बाकडं आण."

बाकड्यावर चढून, टाचा उंचावून तिने दोर फांदीवर टाकला. तो पहिल्यांदा पडला नाही, दुसऱ्यांदा पडला. दोर ओढताना बाकड्याचा एक पाय मऊ मातीत रुतला. शेतातून थेट आलेल्या कुणा आईने आपले फावडे झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवले होते, पाते वर करून. बाना कासूबा त्याच्यावर पडली.

पडल्याचे तिला कळले, कापल्याचे कळले नाही. मांडीला ऊन लागल्यासारखे वाटले. मग तिने आपले चितेंगे पाहिले, ते पिवळे होते, आणि एका बाजूने ते पिवळे राहिले नव्हते.

आया ओरडल्या. दवाखान्याच्या दारातून पांढरे बूट धावत आले, आणि तिच्यापासून दहाएक पावलांवर खिळल्यासारखे थांबले. टोके तिच्याकडे वळलेली. मग बूट हळूच मागे फिरले. तिने डोळे मिटून घेतले. बरोबर केले पोराने, ती मनात म्हणाली. आणि बरोबर केल्याचे तिला वाईटही वाटले.

सांपाने आणि दोन बायकांनी तिला उचलून मलमपट्टीच्या खोलीत आणले. ही खोली व्हरांड्याला लागूनच, दारासमोर तो खांब. बायकांनी आपली चितेंगे सोडून दाराशी आडपडदा धरला. पडद्याखालून वीतभर जमीन दिसत होती, आणि त्या जमिनीवर, खांबाच्या पलीकडे, ते बूट.

"खांबा," बुटांचा आवाज आला. तो नेहमीचा नव्हता. "आत जे कुणी आहेत त्यांना सांग. जखम किती लांब?"

सांपाने चितेंगे बाजूला केले, पाहिले आणि तोंड फिरवले. सांपा मच्छरदाण्या वाटायचा. रक्ताशी त्याची ओळख नव्हती. "गुडघ्याच्या वर," तो म्हणाला. "माझ्या हाताएवढी. आतलं दिसतंय."

"खांबा, स्वच्छ गॉजचा गठ्ठा ठेवायला सांग. त्यावर दोन्ही तळहात. सगळं वजन टाकायचं. उचलून बघायचं नाही. पाय उंच करायचा."

सांपाने केले. बाना कासूबाच्या तोंडून जो शब्द निघाला, तो खांबाला सांगण्यासारखा नव्हता.

बाहेर बाकावर तिचा भाऊ कापेंब्वा बसला होता. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला तो दर महिन्याला यायचा, आणि गोळ्या मिळाल्या तरी दुपारपर्यंत बसायचा. तो उठून पडद्याशी आला. "अगं, जीव कसा आहे?"

"आहे अजून, दादा."

"सिस्टर येईपर्यंत दाबून धरा म्हणजे झालं."

"होडी दुपारनंतर येते," सांपा आतून म्हणाला. त्याचे दंड थरथरायला लागले होते, आणि गॉजच्या कडेने लाल रेघ बाहेर येत होती. "काका, हे थांबत नाहीये."

शेवटी सांपाच्या जागी एक आई बसली, आणि सांपा फोन घेऊन दवाखान्यामागच्या मोठ्या वारुळाकडे पळाला. चिबांगात फोन लागायचा तो त्या वारुळाच्या टोकावरच. त्याचा ओरडा सगळ्यांना ऐकू आला: "सिस्टर! बाना कासूबा पडल्या! मांडी! हो, मांडी! तो आहे, पण तो जावई आहे!" मग बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला. खाली आला तेव्हा त्याने मान खाली घालून निरोप सांगितला. "सिस्टर म्हणतात, दालित्सोनं त्यांच्या डोळ्यांसमोर कितीदा टाके घातलेत. त्यानंच घालायचे, आत्ताच. आणि म्हणतात, बाई गेली तर मी येऊन तुमच्या खांबालाच जाब विचारीन."

 कापेंब्वा कोत्या मनाचा माणूस नव्हता. पण बहिणीच्या घराचा तो कर्ता होता, आणि अंगणात सगळे गाव होते.

"सिस्टर पश्चिमेकडच्या," तो म्हणाला. "त्यांना आमचं काय माहीत? जावयानं सासूची मांडी बघायची, तिला हात लावायचा, आणि मग त्याच पोरीशी लग्न लावायचं? उद्या लोक काय म्हणतील त्या पोरीला? हा आत गेला, तर मला ताटली परत पाठवावी लागेल. मला आवडो न आवडो."

पडद्याखालचे बूट हलले नाहीत. पण आवाज आला. खांबाला नाही, कापेंब्वालाच. "मामा, पाठवा परत. मी आत जातो."

"थांब!" बाना कासूबा ओरडली. खरे तर ओरडायला गेली. निघाला तो घोगरा श्वास. "कुणी आत यायचं नाही."

तिला थंडी वाजायला लागली होती, भर उन्हाच्या दिवसात. जीभ टाळूला चिकटत होती. इतक्या बाळंतिणींजवळ ती बसली होती, की याचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता. तो आत आला, तर मुलीचे लग्न गेले. नाही आला, तर आपण. पोरगा लग्न सोडायला तयार आहे आणि मुलगी शाळेत पाढे शिकवते आहे, तिला काही पत्ता नाही. ताटली मी परत जाऊ देणार नाही, ती मनात म्हणाली. आणि मरायचेही नाही, कारण मेले तर... मेले तर काय होईल, याचा ती विचार करायला लागली. आणि तिथे तिला वाट दिसली.

मेले तर खड्डा कोण खणेल?

तिने कोपरावर भार देऊन मान उचलली.

"ए उंदीरखाऊ!"

अंगणात बाळेसुद्धा गप्प झाली, असे नंतर सगळ्यांनी सांगितले. बाळांचे खरे नसेल. आयांचे खरे होते.

"अगं," कापेंब्वा हबकून म्हणाला, "डोकं ठिकाणावर आहे ना? जावयाला काय म्हणतेस?"

"जावयाला कोण बोलतंय? जावई इथे नाहीच. मी माझ्या न्गोनी भावंडाला हाक मारतेय. दादा, एक सांग. मी आत्ता इथे मेले, तर मला धुवायला, उचलायला, खड्ड्यात उतरवायला कोण येणार?"

कापेंब्वा खांबाकडे वळला.

"या गावात दुसरा न्गोनी आहे का कुणी? नाही. म्हणजे हाच लंबू येणार. माझे पाय धरून मला खाली ठेवणार, आणि वर उभा राहून माझ्याच नावानं विनोद करणार. तेव्हा तू म्हणशील का, हात लावू नकोस, जावई आहेस?" तिला दम लागला. "मेल्यावर हात लावलेला चालतो. मग जिवंत आहे तोवर का नाही? जावई तो परवा झाला. भावकी पणजोबांची आहे. आधीचं नातं कुठलं?"

"पण..."

"थट्टेच्या भावंडावर दंड बसतो का? बोल. बसतो?"

"नाही बसत," बाकावरून एक म्हातारी म्हणाली. तिला कुणी विचारले नव्हते.

बाना कासूबाने डोके टेकले. तिला करता येण्यासारखे तिने केले होते. आता दुसरी बाजू उरली होती. थट्टेला थट्टेनेच उत्तर दिले, तरच तो भावंड ठरणार. नुसता पडदा सारून मुकाट्याने आत आला, तर जावईच आत आला असा अर्थ होणार. आणि उत्तर दिले आणि कापेंब्वाने भावकी मानली नाही, तर भर अंगणात सासूला शिवी देणारा जावई म्हणून त्याचे नाव कायमचे होणार. ताटली परत जाणे त्यापुढे काहीच नाही.

पडद्याखाली बूट एकदा या पायावर, एकदा त्या पायावर झाले.

बोल रे, ती मनात म्हणाली. बोल पोरा.

"म्हातारे," आवाज आला, आधी जरा कापरा, मग नेहमीचा, तीन महिन्यांचा ओळखीचा, "झाडावर कशाला चढली होतीस? दुपारच्या कालवणाला माकड दिसलं होतं का वर?"

 आधी बाकावरची म्हातारी फुटली. मग आया. हसणे व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, आणि त्यात एक जाड, दाबून ठेवलेला, शेवटी न दाबता आलेला आवाज होता. तो कापेंब्वाचा. बहिणीने तो बरोबर ओळखला. माणूस हसला की त्याला 'नाही' म्हणता येत नाही.

"जा," कापेंब्वा डोळे पुसत म्हणाला. "जा रे उंदरा. पण दार ओलांडताना जावयाला बाहेर ठेव."

दालित्सो आत आला. बाना कासूबाने कितीतरी आठवड्यांनी त्याचा चेहरा पाहिला. वाळला होता. तिने ठरवले, कासूबाला सांगायचे, नीट खाऊ घाल याला. मग आठवले, हे मुलीला सांगता येणार नाही. आपण चेहरा पाहिलेलाच नाही.

त्याने हात धुतले, हातमोजे चढवले, भुलीचे इंजेक्शन भरले. भूल थोडीच उरली होती. "सगळ्या जखमेला पुरणार नाही," तो म्हणाला. "शेवटचे टाके लागतील."

"मग बोलत राहा. हात का थरथरतोय? मांजर दिसली?"

"मांडी हलवू नकोस. उड्या मारायची सवय आहे तुम्हा लोकांना, कळतं मला, पण आत्ता आवर."

"शिवण सरळ घाल हो. तुम्हाला कातडं शिवायची सवय आहेच म्हणा. कापड तर तुम्ही आमच्याकडे आल्यावर पाहिलंत."

सुई आत गेली. तिने दात आवळले.

"काय जाड आहे गं," तो खाली वाकूनच म्हणाला. "आमच्या आजोबांना ढालीसाठी असलंच हवं असायचं. उगाच बैल मारत बसले."

पडद्यापलीकडे कापेंब्वाला ठसका लागला. कुणीतरी त्याला पाणी दिले.

शेवटचे टाके लागले, तेव्हा ती बोलू शकत नव्हती. मग तो एकटाच बोलत राहिला. उंदीर कसे भाजतात, काडीला कसे ओवतात, मीठ कधी लावायचे, तिच्यासाठी घरून मोठी जुडी कशी मागवणार आहे. ती डोळे मिटून ऐकत होती. एकदा त्याचा आवाज मध्येच तुटला. तिने डोळे न उघडता त्याच्या दंडावर एक चापट मारली. तो पुन्हा सुरू झाला.

काम संपले. पट्टी बांधली, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, पाण्याचा पेला रिकामा झाला. तो दाराशी गेला. तिने चितेंगे डोक्यावर ओढून तोंड भिंतीकडे केले. बाहेर पाऊल पडताच त्याचा आवाज बदललेला तिने ऐकला.

"खांबा," तो म्हणाला, "मोठ्यांना सांग, आज पाय जमिनीला टेकवायचा नाही."

"ऐका सगळे," कापेंब्वाने अंगणाला ऐकू जाईल असे सांगितले. "त्या खोलीच्या आत भावकी. बाहेर जावई. आत जे झालं, ते जावयानं पाहिलेलं नाही. ताटली माझ्या घरी आहे, तिथेच राहील."

दुपारी मुतिंता होडीतून उतरून धावत आली. सगळी हकीकत ऐकल्यावर तिने एकच प्रश्न विचारला. "मग तो आत असताना जावई कुठे होता?"

"खांबामागे," सांपा म्हणाला.

संध्याकाळी कासूबा शाळेतून आली, आईच्या पायाशी बसली आणि रडली. मग तिने विचारले, "त्याला काय काय म्हणालीस?" आईने सगळे सांगितले. कासूबाचे रडणे कधी थांबले, ते तिलाही कळले नाही.

एक दिवसाआड मलमपट्टी असायची. बाना कासूबा सांपाच्या सायकलवर मागे बसून यायची. दाराशी खोकायची, आत शिरायची, दार लोटले की डोक्यावरचे चितेंगे खांद्यावर घ्यायची. "ये रे बिळातून." पट्टी बदलायला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या कितीतरी पट वेळ आत आवाज चालू असायचा. टाके निघाले. खपली धरली. खपली गेली. बाना कासूबा सायकल सोडून चालत यायला लागली, मग डोक्यावर पाण्याची घागर घेऊन यायला लागली. मलमपट्टी चालूच.

"अजून ओढ लागते," ती सिस्टरना सांगायची.

"अजून लक्ष ठेवायला हवं," तोही सांगायचा, स्वतंत्रपणे.

एके सकाळी सिस्टर मुबियाना न ठोठावता आत शिरल्या. पट्टी सोडलेली नव्हती, गॉज उघडलेला नव्हता. दोन स्टुलांवर दोघे समोरासमोर बसून भाजलेल्या शेंगा सोलत होते. वाद चालला होता खायला सुरवंट चांगले की उंदीर यावर, आणि दोघेही हातवारे करत होते. सिस्टरनी जखम पाहिली. जखम नव्हती, चकचकीत रेघ होती, आणि टाके एकसारखे पडले होते.

"मलमपट्टी आजपासून बंद," सिस्टर म्हणाल्या. "पेशंट बरा झाला."

दोघांनी शेंगा खाली ठेवल्या. लहान मुलांची पाटी काढून घ्यावी, तसे झाले. बाना कासूबाने चितेंगे डोक्यावर घेतले. दालित्सो उठला, तोंड फिरवून बाहेर गेला. ती थोडी थांबली. मग खोकली आणि तीही गेली.

सिस्टर कापेंब्वाकडे गेल्या असे सांपा सांगतो. जावयाला आत घ्यायचा स्वयंपाक पिकाच्या आधी उरकता येतो का, एवढेच त्यांनी विचारले म्हणे. कापेंब्वा म्हणाला, बघू. तो नाही म्हणाला नाही.

पुढच्या गुरुवारी बाना कासूबा अंगणात आली, तेव्हा काटा टांगलेला होता. आज तो बराच खाली होता. दोर लांब सोडला होता, तिचा हात टाचा न उचलता पोचेल इतका. बाकडे भिंतीशी नेऊन उलटे ठेवले होते, आणि फावडी ठेवायला कुंपणापाशी वेगळी जागा केली होती.

झोळीत काहीतरी होते. काट्याची सुई किंचित सरकलेली होती.

तिने झोळीत हात घातला. एक पिकलेले केळे. माकडांना आवडते तसे, पिवळेधमक.

आया पाहत होत्या. व्हरांड्यात खांबामागे पांढरे बूट होते, टायरच्या दोऱ्याने शिवलेले. तिने त्या बाजूला पाहिले नाही. तिकडे पाठ केली, चितेंगे नीट ओढून घेतले, आणि सगळ्यांदेखत केळे सोलायला घेतले. सावकाश, एकेक साल खाली ओढत. पहिला घास तिने अगदी गाल फुगवून घेतला, आणि वर आंब्याकडे बघत दोनदा काखेत खाजवले.

व्हरांड्यात कुणीतरी हसू आवरताना खोकले. मग गुणगुणायला लागले.

"चला," बाना कासूबा तोंडातला घास न गिळताच म्हणाली, "पहिलं बाळ आणा."